केएनमधला मुका के
इंग्रजीत केएनने (kn) सुरू होणाऱ्या शब्दांत के लिहितात पण बोलत नाहीत: नाइफ, नी (गुडघा), नॉक, नॉट (गाठ), नाइट (knight, सरदार), आणि नीड म्हणजे कणीक मळणं. पण हा के उगाच लावलाय, इंग्रजांचा आचरटपणा वगैरे जे लोक म्हणतात ते काही पटलं नाही बुवा. तो पूर्वी चक्क बोलायचे, १७व्या शतकाच्या आसपास गळाला, पण कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणल्यापासून स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेलेली, मग राहिला तसाच. पुण्यात जर्मनचे क्लास केलेले ढिगाने सापडतील, त्यांना विचारा, गुडघ्याला जर्मनमध्ये अजून क्नी म्हणतात, गाठीला क्नोटन, क अगदी ठणठणीत. नाइटची तर गंमतच, जुन्या इंग्रजीत अर्थ होता पोरगा, नोकर. जर्मनमधला क्नेश्ट अजून गडीच राहिलाय आणि इकडे हा घोड्यावर बसून सरदार झाला! आणि नी आणि आपलं संस्कृत जानु (आजानुबाहूतलं) एकाच मुळातले, नो म्हणजे जाणणं आणि ज्ञा पण तसेच. ज्ञचं तरी काय, आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य, मूळचा ज आणि ञ फारसं कुणी म्हणत नाही :)