मदत हवी आहे: हातपंपाच्या पाण्यातला किरणोत्सर्ग नेमका कसा मोजायचा? (देवरी, जि. गोंदिया)

बोडीकाठ

नमस्कार मंडळी. मी देवरी भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रश्न जरा तातडीचा आहे.

शेजारच्या गावात सुट्टीवर आलेल्या एका तरुणानं ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर हातपंपाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यावर धरला. आकडा दिसला ०.१८ मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) प्रति तास. त्याचा व्हिडिओ 'आपल्या पाण्यात रेडिएशन' या मथळ्याने संध्याकाळपर्यंत आसपासच्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर पोचला. त्या गावात मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत, त्यामुळे लोकांनी दोन्ही गोष्टी लगेच जोडल्या. आता बऱ्याच घरांनी हातपंप सोडून बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी भरायला सुरुवात केली आहे. बोडीत गुरं बसतात, कपडे धुतात. पावसाळा तोंडावर आहे आणि मला खरी भीती त्याची वाटते.

माझ्या मुलांना हे सोडवायचंय. आमच्याकडे गायगर काउंटर आहे, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आहे, कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. एवढ्यावर काय करता येईल आणि बाहेर काय तपासून आणावं लागेल? ०.१८ हा आकडा घाबरण्यासारखा आहे का? आणि एकदा तपासून भागतं की सतत लक्ष ठेवावं लागतं? छत्तीसगडच्या हद्दीपलीकडे बोडलला युरेनियमचं खनिज सापडल्याची नोंद आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे 'काही नाही, घाबरू नका' एवढं सांगून कोणी ऐकणार नाही, आणि तसं न तपासता सांगणं मलाही पटत नाही.

---

जुना लॅबवाला

ताई, मी पर्यावरणातल्या किरणोत्सर्गाच्या मोजणीतच नोकरी केली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी: लोकांना आजच हातपंपाकडे परत आणा. पाण्यात युरेनियम असलंच तरी त्याचा त्रास वर्षानुवर्षं पिऊन होतो. बोडीच्या पाण्याने होणारी हगवण आठवड्याभरात होते.

आता ०.१८ बद्दल. हा आकडा पाण्याचा नाहीच. पेला उचलून बाजूला ठेवा आणि काउंटर त्याच जागी धरा, तोच आकडा येईल. जमीन, खडक, विटा आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण यांचा तो मिळून आकडा आहे. उरलेला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या बसाल्टवर बसलाय, आणि बसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी असतं. तुमच्याकडे ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे जुने खडक आहेत, त्यांच्यात ते जास्त असतं. त्यामुळे देवरीत पुण्यापेक्षा काउंटर थोडा जास्त बोलणार, यात नवल नाही.

पाण्याचं गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची मार्गदर्शक मर्यादा ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, आणि आपल्या भारतीय मानकातही आता तीच आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ६० होती, म्हणून जुन्या बातम्यांत दोन वेगळे आकडे दिसतात. तर ३० मायक्रोग्रॅम नैसर्गिक युरेनियम म्हणजे साधारण पाऊण बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यात सेकंदाला एकही अणू पुरता फुटत नाही. पाव लिटरच्या पेल्यात पाच-सहा सेकंदांनी एक. त्यातून निघणारा अल्फा कण पाण्यात जेमतेम ३०-३५ मायक्रॉन जातो, म्हणजे वरच्या केसाएवढ्या थरातलेच कण बाहेर पडू शकतात. आणि स्वस्त काउंटरच्या नळीला अल्फा आत येऊ देणारी अभ्रकाची पातळ खिडकीच नसते. सोबतचे बीटा-गॅमा इतके तुरळक की पार्श्वभूमीत बुडून जातात. सांगायचा मुद्दा असा, की मर्यादेच्या दसपट युरेनियम असलं तरी तो काउंटर ते दाखवणार नाही. म्हणून त्या व्हिडिओने पाणी वाईट ठरत नाही, आणि उद्या कमी आकडा आला म्हणून ते चांगलंही ठरत नाही. ग्रामसभेत दोन्ही बाजू सांगा.

युरेनियम मोजायचं ते रसायन म्हणून. दोन रस्ते आहेत. एक आयसीपी-एमएस, म्हणजे अणूंचं वस्तुमान ओळखून मोजणारं यंत्र. दुसरा एलईडी फ्लुरीमीटर: नमुन्यात सोडियम पायरोफॉस्फेट घालून अतिनील प्रकाश टाकला की युरेनियम हिरवं चमकतं, ती चमक मोजतात. आपल्याकडे भूजलातल्या युरेनियमची बरीच पाहणी या दुसऱ्या यंत्रावर झाली आहे. एक मायक्रोग्रॅमच्या खालचंही ते पकडतं.

---

गार्डन स्टेट

लॅबवाल्या काकांशी सहमत, एक भर घालते. मी न्यू जर्सीत राहते, इथे बऱ्याच घरांना स्वतःची बोअर असते आणि घर विकताना पाण्याची तपासणी कायद्याने करावी लागते. राज्याच्या दक्षिण भागात १९९० च्या दशकात, टॉम्स रिव्हर परिसरातल्या तपासात, एक गोष्ट लक्षात आली. पाण्यात रेडियम-२२४ होतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं विरून जायला लागणारा काळ) साधारण साडेतीन दिवसांचं. नमुने प्रयोगशाळेत बरेच दिवस पडून राहायचे, तोवर ते विरून जायचं आणि अहवाल स्वच्छ यायचा. तेव्हापासून इथे एकूण अल्फाची (पाण्यातल्या सगळ्या अल्फा कणांची मिळून) मोजणी नमुना घेतल्यापासून ४८ तासांत करतात.

तुमच्याकडे रेडियमच असेल असं मी म्हणत नाही. इथलं पाणी आम्लधर्मी आणि वाळूतलं आहे, अशा पाण्यात रेडियम सुटतं. पण बाटलीवर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय ती देऊ नका, हे मुलांच्या अंगवळणी पाडा.

---

बोडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पेला हलवून काउंटर धरण्याचा प्रयोग उद्याच त्या तरुणाच्याच हातून करून घेते. मुलगा चांगला आहे, त्याला गावाची काळजीच आहे.

एक शंका. एका खाजगी प्रयोगशाळेने 'एकूण अल्फा आणि एकूण बीटा' अशी चाचणी सुचवली. ती युरेनियमऐवजी करावी का?

---

जुना लॅबवाला

ऐवजी नको. करायचीच तर युरेनियमच्या जोडीला. यात एक खाच आहे, ती नीट समजून घ्या, नाहीतर दुसरी घबराट उठेल.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण अल्फाची मर्यादा ०.१ बेकरेल प्रति लिटर आहे. वर सांगितलं तसं ३० मायक्रोग्रॅम युरेनियमच पाऊण बेकरेल अल्फा देतं. म्हणजे लिटरमागे चार-पाच मायक्रोग्रॅम युरेनियम असलं, जे मर्यादेच्या खूप आत आहे, तरी एकूण अल्फाच्या रकान्यात 'मर्यादेबाहेर' छापून येईल. ग्रॅनाइटच्या भागात असं होणं अगदी शक्य आहे. एकूण अल्फा ही चाळणी आहे. तीत काही अडकलं तर ते युरेनियम आहे, रेडियम-२२६ आहे की आणखी काही, हे वेगळं शोधायचं. जागतिक आरोग्य संघटनेने चाळणीचा आकडा ०.५ ठेवलाय आणि वेगळ्या मूलद्रव्यांसाठी वेगळे आकडे दिलेत, रेडियम-२२६ साठी १ बेकरेल प्रति लिटर.

शिवाय ही चाचणी पाणी आटवून उरलेल्या क्षारांच्या थरावर करतात. पाण्यात क्षार जास्त असतील तर थर जाड होतो आणि अल्फा त्यातच अडकतात, आकडा कमी येतो. तुमच्या टीडीएस मीटरचा इथे उपयोग आहे: टीडीएस फार असलेला नमुना प्रयोगशाळेला आधीच सांगून द्या.

बीटाच्या बाबतीत पोटॅशियम वेगळं मोजून वजा करायला सांगा. पोटॅशियम-४० सगळीकडे असतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातच त्याचे चार हजारांच्या वर बेकरेल असतात.

---

छावणीतली वहिनी

ह्यांची पोस्टिंग भटिंड्याला होती तेव्हा हा विषय रोज कानावर पडायचा. २००९ मध्ये फरीदकोटच्या मुलांच्या केसांत युरेनियम सापडल्याची बातमी आली. दोष आधी औष्णिक केंद्रांच्या राखेवर गेला, कोणी युद्धातल्या दारूगोळ्यावर टाकला. पुढे अभ्यासकांचा कल जमिनीतल्याच युरेनियमकडे झुकला. पंजाबातल्या माळवा भागाच्या भूजलात बायकार्बोनेट भरपूर आहे, ते युरेनियमला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवतं. खतांतून झिरपणारं नायट्रेटही त्याला मोकळं करायला मदत करतं.

बोडीकाठ, कारण ठरवायची घाई करू नका, एवढंच माझं सांगणं. तिथे कोणाला दोषी धरायचं यावर इतकी भांडणं झाली की कुठल्या हातपंपाचं पाणी प्यायचं हा साधा प्रश्न मागे पडायचा.

आणि पाणी उकळून युरेनियम जात नाही. वाफ जाते, ते मागे राहतं. आरओने मात्र बरंच कमी होतं.

---

जुना लॅबवाला

वहिनींनी नायट्रेटचा उल्लेख केला ते फार बरं झालं. ताई, तुमच्या धानाच्या बांध्यांत युरिया पडतोच. म्हणून युरेनियमच्या जोडीने नायट्रेट, अल्कता, पीएच आणि फ्लोराइड मोजाच. विदर्भात चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइडचा त्रास जुना आहे आणि ग्रॅनाइटच्या पाण्यात तो निघतो. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात का बघा. युरेनियम शोधताना खरा गुन्हेगार फ्लोराइड निघाला, तरी गावाचा फायदाच आहे.

मूत्रपिंडांचं म्हणाल तर पाण्यातलं युरेनियम त्रास देतं ते शिशासारखा जड धातू म्हणून, किरणांमुळे नव्हे. ३० ची मर्यादाही त्याच हिशेबाने ठरली आहे. म्हणजे लोकांची शंका अगदीच बिनबुडाची नाही. पण मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. रुग्णांचा पाण्याशी संबंध जोडायचा की नाही हे डॉक्टरांवर सोडा, मुलांना त्यात ओढू नका.

---

पागोळी

गायगर काउंटर वाया गेला असं समजू नका, मॅडम! परिसरावर लक्ष ठेवायला तो छान आहे. जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरायचा, दहा मिनिटांची सरासरी घ्यायची, आणि शाळेचं मैदान, मामा (माजी मालगुजारी) तलावाचा काठ, खडकाचा उघडा भाग, बांधी अशा ठरलेल्या जागी वर्षभर नोंदवायची. एक आकडा काहीच सांगत नाही. वर्षाची वही असली की कुठला आकडा नेहमीचा आणि कुठला वेगळा हे कळायला लागतं. अणुकेंद्राच्या परिसरातही केंद्र सुरू होण्याआधीपासूनच्या नोंदी ठेवतात, त्या याचसाठी.

पावसाळ्यात मुलांना एक गंमत दाखवा. जोराची सर आली की काउंटरचा आकडा चढतो आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतो. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून तयार झालेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतं. दोघांचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आतलं. सर येऊन गेल्या गेल्या गाडीचं बॉनेट टिश्यू पेपरने पुसून तो काउंटरखाली धरा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. घसरण कागदावर उमटते. आणि कोणी भर पावसात व्हिडिओ काढला तर काय उत्तर द्यायचं तेही मुलांना माहीत होतं.

काउंटर चालतो की नाही हे बघायला कृषी केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश घ्या. ग्रॅममागे साधारण १६ बेकरेल असतात त्यात. पिशवीला काउंटर चिकटवला की आकडा वाढायलाच हवा.

---

बोडीकाठ

आज पेल्याचा प्रयोग त्याच हातपंपावर केला. पेला ठेवला, उचलला, आकडा तिथल्या तिथेच डुलत राहिला. त्या तरुणानेच दुसरा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. पोटॅशच्या पिशवीवर आकडा चढल्यावर सरपंच स्वतः वाकून बघत होते. काही घरं परत हातपंपावर आली. सगळी नाही.

आता बेत असा: हातपंप, दोन-तीन जुन्या विहिरी, मामा तलाव आणि ती बोडी अशा ठरलेल्या जागा. एकदा आत्ता पावसाआधी, एकदा नोव्हेंबरात. नायट्रेट, फ्लोराइड वगैरे जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत, युरेनियम बाहेर. नमुना घेताना काय चुकतं तेवढं सांगा. आणि रेडॉनचं काय?

---

जुना लॅबवाला

रेडॉन दुसऱ्या टप्प्यात घ्या. तो वायू आहे, अर्धायुष्य ३.८ दिवस, बाटलीत बुडबुडा राहिला तरी निसटतो. वेगळं यंत्र लागतं. हातपंपाखाली घागर भरताना त्यातला बराचसा तसाही उडून जातो.

नमुन्याचं सांगतो. हातपंप आधी भरपूर उपसा, पाइपात साचलेलं पाणी जाऊन ताजं गार पाणी येईपर्यंत. बाटली प्लॅस्टिकची, जाड, नवी. त्याच पाण्याने तीनदा विसळायची. गढूळ पाणी गाळून भरायचं.

प्रत्येक जागेच्या दोन बाटल्या. युरेनियमच्या बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली नेतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. दुसरीत काहीच घालायचं नाही, कारण नायट्रिक घातलेल्या पाण्यात नायट्रेट मोजून काय कळणार? प्रयोगशाळा फ्लुरीमीटर वापरत असेल तर आम्ल किती चालेल ते आधी विचारा, जास्त झालं की चमक बिघडते. आम्ल तुम्ही स्वतः घाला, चष्मा-हातमोजे घालून, प्रयोगशाळेत. मुलांच्या हाती गावात देऊ नका.

एका बाटलीत नुसतं डिस्टिल्ड पाणी भरून तीही वेगळ्या क्रमांकाने पाठवा. आणि एका हातपंपाचं पाणी दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी. डिस्टिल्डमध्ये युरेनियम निघालं, किंवा त्या दोन आकड्यांत मोठा फरक आला, तर अहवाल परत पाठवायचा. प्रयोगशाळा निवडताना तिची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या यादीत 'पाणी – युरेनियम' हे नाव आहे का ते बघा. यादी त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते.

३० च्या वर आकडा आला तर लगेच जाहीर न करता तोच हातपंप पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही आला तर त्या पंपाचं पाणी पिण्यास बंद, धुण्याभांड्याला चालू, आणि पिण्यासाठी कमी आकड्याचा जवळचा दुसरा पंप. एकाच गावात दोन बोअरच्या आकड्यांत खूप फरक असू शकतो, म्हणून अहवालात गावाचं नाही, पंपाचं नाव लिहा.

---

बोडीकाठ

पंपाच्या नावाचं लक्षात ठेवते. प्रत्येक पंपावर रंगाने क्रमांक टाकायला सरपंचांनी होकार दिलाय, मुलं रविवारी निघतायत. अहवाल आले की आकडे इथेच टाकीन, वाचायला मदत लागेल.