आईच्या डोक्यात तिसरं महायुद्ध, आणि छाटणी तोंडावर

द्राक्षवाला_तासगाव:
मंडळी, प्रश्न घरचाच आहे. आई ७४ वर्षांची. दुपारी यूट्यूब लावून बसते. नॉस्त्रेदमस, बल्गेरियाची ती भविष्य सांगणारी बाबा वेंगा, हिमालयातला कुठला तरी मौनी साधू (मौनी असून एवढं बोलतो कसा, देव जाणे), सगळ्यांचं म्हणणं एकच, आता जग पेटणार. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीसाठी तिच्या नावावरची एफडी मोडायची ठरली होती. आता म्हणते, "कशाला छाटतोस? माल खायला माणसं तरी राहणार हायत का?" कॉटखाली तांदळाची दोन पोती आणि काडेपेट्यांचे बारा पुडे भरून ठेवलेत.

तिला येड्यात काढून मोकळं होताही येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते, युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जात होते. व्यापाऱ्यानं तेच कारण पुढं करून माझा दर पाडला. तिकडं पेटलं की धग आमच्या बांधापर्यंत येते, हे तिनं बघितलंय. खरं सांगायचं तर झोप मलाही लागत नाही. तिच्याशी बोलू काय?

मिरजेची_सून:
बाबा वेंगा १९९६ ला वारली. स्वतः पुस्तक लिहून ठेवलेलं नाही, मग दर डिसेंबरला नवी यादी येते कुठून? सासऱ्यांच्या फोनवरचं असलं चॅनेल मी गुपचूप बंद केलं होतं. दोन दिवसांत नातवानं परत लावून दिलं.

जुना_पाटणकर:
वय ७५, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

१९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली. मकर राशीत आठ ग्रह, जग बुडणार म्हणून देशभर होमहवन. आमच्या चुलत्यांनी दुभती म्हैस मातीमोल विकली. बुडायचंच आहे तर वैरण कुणासाठी, हा हिशेब. घेणारा म्हणाला, बुडेपर्यंत दूध तर मिळंल. पुढं तिची चार वेतं त्याच्या दारात झाली. चुलत्यांनी त्या गल्लीनं जाणंच सोडलं.

आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या पडवीची भिंत बसली. उजाडल्यावर आईनं त्याच भिंतीतले तीन दगड उचलून अंगणात चूल मांडली आणि कोरा चहा टाकला. तोंडानं गोंदवल्याचा तेरा अक्षरी जप चालूच. हात थरथरत होते, चहा सांडला, तिनं परत टाकला.

पुढं कित्येक महिने धक्के बसत राहिले. दादा रात्री परातीत तांब्या पालथा घालून त्यावर वाटी ठेवायचे. वाजली की बाहेर पळायचं. आम्ही पोरं वाटीकडं बघत जागायचो. एका रात्री आई म्हणाली, "वाटी जागी आहे ना? मग तुम्ही झोपा."

आईशी वाद घालू नका, हराल. तो तांदूळ छाटणीच्या मजुरांना शिजवून घालायला सांगा.

मेंढपाळाचा_नातू:
पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा हेडाम (तलवार घेऊन नाच) खेळत येतात आणि भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भविष्य, सांगतात. पाऊसपाणी, महागाई, राजकारण, सगळं असतं त्यात. आमचा आजा भंडाऱ्यानं पिवळा होऊन घरी यायचा आणि त्याच रात्री मेंढरं कुठल्या अंगाला न्यायची ते ठरवायचा. भाकणूक चुकली तरी मेंढरं चरून आलेली असायची. तुमच्या आईला विचारा, व्हिडिओवाला शेवटी काय करायला सांगतो? सबस्क्राइबच ना?

द्राक्षवाला_तासगाव:
सगळं वाचून दाखवलं. सबस्क्राइबवर हसली नाही. म्हशीवर मात्र बराच वेळ गप्प बसली. अष्टग्रहीच्या वेळी तिच्या आजोळी म्हणे कोंबड्या संपवल्या होत्या, एकही ठेवली नाही.

अर्धी एफडी मोडू म्हणते. सोमवारी छाटणी, पाठोपाठ छाटलेल्या काड्यांना फुटीसाठी पेस्ट लावणाऱ्या बायका येतील. तांदळाचं एक पोतं बाहेर काढलंय, दुसऱ्याला हात लावू देत नाही. फोन अजून तिच्या उशाशीच आहे.

पाटणकर काका, ती विचारतेय, म्हैस मुऱ्हा होती का?

जुना_पाटणकर:
कुठली मुऱ्हा, गावठीच. पण दूध घट्ट.