मदत हवी आहे: महोगनीचं डेक आणि सिमको सरोवराची सफर

नमस्कार मंडळी, आम्ही कॅनडातल्या ओंटारिओत, पीटरबरोला असतो. आम्ही घेतलेल्या 1962 च्या क्रिस-क्राफ्ट या लाकडी मोटरबोटीचं इंजिन ठणठणीत आहे, पण डेकच्या महोगनीवरचं व्हार्निश पापुद्रे धरून सुटतंय आणि क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) स्क्रूंभोवती काळे डाग पडलेत. टोच्याने दाबून पाहिलं, एका कोपऱ्यात लाकूड मऊ लागतं. तेवढाच तुकडा कापून जोड द्यावा की अख्खी फळी बदलावी? बाकीचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातील ना? वर स्पार व्हार्निशचे (बोटींसाठीच्या ऊन-पाणी सोसणाऱ्या व्हार्निशचे) किती हात द्यावेत?

जुलैत आईबाबा येताहेत. पीटरबरोची लिफ्ट लॉक बोट जवळपास 20 मीटर वर उचलते, ती त्यांना दाखवायचीच आहे! पुढे ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाने सिमकोपर्यंत रमतगमत जायला किती दिवस ठेवावेत? सिमको उथळ, वाऱ्याने पटकन खवळतं. ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर नक्की सांगा.