मदत हवी आहे: पिकअपचा फ्यूज सारखा उडतोय, गॅरेजवाल्यांना सापडत नाही

ओतूरकर
नमस्कार मंडळी. पिकअपचा फ्यूज सारखा उडतोय. महिन्याभरात फ्यूजचं अख्खं पाकीट संपलं. दोन गॅरेजला दाखवून झालं. दोन्हीकडे गाडी ओके आहे म्हणाले आणि पैसे घेतले. एकाने बॅटरी बदलायला लावली, तीही बदलली, फरक शून्य. टोमॅटोचा हंगाम चालू आहे, गाडी उभी ठेवून चालणार नाही. कुणाला असा अनुभव असेल तर लवकर सांगा.

मीटरवाला
कुठला फ्यूज दादा? गाडीत पंधरा-वीस असतात. हॉर्नचा, हेडलाइटचा, वायपरचा, कशाचा? किती अँपिअरचा? गाडी किती सालची?

सुसाट_टेम्पो
20 चा टाका आणि विसरून जा. माझ्या गाडीत सहा महिने झाले, काही होत नाही.

ओतूरकर
@मीटरवाला, लाल रंगाचा. 2010 ची गाडी, डिझेल.

मीटरवाला
लाल म्हणजे 10 अँपिअर. पण त्यावर काय काय चालतं? फ्यूज गेल्यावर काय बंद पडतं ते सांगा.

ओतूरकर
मागचे दिवे जातात. पुढचे पार्किंगचे पण. आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांमागचा उजेड. हेडलाइट चालू राहतात म्हणून आधी कळायचंच नाही, मागून येणारा डिपर मारून सांगायचा.

बॅटरीवाला_सांगली
बॅटरी कुठल्या कंपनीची घातलीत? अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जास्त चार्ज करत असेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर पंधराच्या वर व्होल्टेज आलं तर त्याचा रेग्युलेटर गेला समजा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत हेच झालं होतं.

मीटरवाला
चार्जिंग जास्त असेल तर बल्ब उडतील, बॅटरीचं पाणी आटेल. एकट्या पार्किंगचा फ्यूज त्याने उडणार नाही. पार्किंगला बल्ब किती असतात? पाच वॅटचे सहा-सात. 35 वॅट धरले तरी 12 व्होल्टला तीन अँपिअर. 10 चा फ्यूज उडतोय म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागतेय.

घाटवाट
ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे लागतात का बघा. मागे दोन तारांचा बल्ब असतो, 21 आणि 5 वॅटचा. घाईत कुणी एका तारेचा बल्ब बसवला की होल्डरमधले दोन्ही पॉइंट एक होतात. आमच्याकडे दोन दिवस त्यात गेले.

ओतूरकर
बल्ब बघितले, बरोबर आहेत. @सुसाट_टेम्पो, 20 चा मीही टाकला होता एकदा, तोही उडाला. परवा रात्री माळशेजमध्ये फ्यूज गेला, जवळचे संपले होते, धुकं इतकं की पुढची गाडी दिसेना. शेवटी वायरची एक तार काढून फ्यूजच्या पायांना गुंडाळली आणि खाली आलो. मुरबाडच्या अलीकडे डॅशबोर्डातून जळका वास आला तेव्हा तार ओढून काढली. फ्यूज बॉक्सचं ते घर थोडं वितळलंय. पण पुढचे फ्यूज बसतायत त्यात.

निवृत्त_वायरमन
दादा, हे आधी सांगायला हवं होतं. 31 वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय, तार गुंडाळलेल्या फ्यूजने जळालेल्या केबिन डोळ्यांनी पाहिल्यात. फ्यूज हा बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. मागच्या दिव्यांची वायर बारीक, ती दोन मिनिटांत लाल होते आणि एकत्र बांधलेल्या गजऱ्यातल्या शेजारच्या सगळ्या वायरी घेऊन जाते. आज गाडी बाहेर काढू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फ्यूज बॉक्स खाली घ्या आणि मागची वायर हाताने चाचपा. कडक झाली असेल, चिकटत असेल तर तो तुकडा बदला.

सुसाट_टेम्पो
काका, तुमचं बरोबर असेल. पण रात्री घाटात मागचे दिवे गेले तर माणसाने करायचं काय? मागून ट्रक चढला तर वायर वाचून काय उपयोग?

निवृत्त_वायरमन
बाजूला घ्यायची, इंडिकेटर चारही चालू करायचे. त्यांचा फ्यूज वेगळा असतो. दिवा गेल्यावर गाडी चालवायची नाही, आणि तार गुंडाळून तर मुळीच नाही.

कल्याणची_लेक
इतकी जुनी गाडी ठेवता कशाला? आरटीओचं पासिंग दरवर्षी, वर पर्यावरण कर. आमच्या शेजाऱ्यांनी सीएनजीची घेतली, खूश आहेत.

घाटवाट
ताई, हप्ता कोण भरणार? टोमॅटोचा भाव आज आहे, उद्या नाही. चालू गाडी विकून कर्ज घ्या म्हणणं सोपं आहे.

नवीन_सभासद
विषय थोडा वेगळा आहे. आमच्या घरचा एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) गीझर लावला की पडतो. तेही शॉर्टच असेल का?

मीटरवाला
गीझर 2000 वॅटचा असेल तर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर होतात. एमसीबी 6 चा असेल तर पडणारच. वायर त्या लायकीची आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, नुसता एमसीबी मोठा करू नका. बाकी वेगळा धागा काढा, इथे दादांची अडचण राहून जाईल.
@ओतूरकर, फ्यूज टाकल्या टाकल्या उडतो की काही वेळाने? खड्ड्यात? पावसात?

ओतूरकर
काही वेळाने. जाताना उडतो, येताना कधीच नाही.

मीटरवाला
जाताना म्हणजे? भरलेली गाडी?

ओतूरकर
हो, जाताना भरलेलीच असते ना. साठ क्रेट टोमॅटो. कल्याणला उतरवले की रिकामी परत. येताना नवीन फ्यूज टाकतो तो घरापर्यंत टिकतो. गॅरेजला रिकामीच नेली होती.

निवृत्त_वायरमन
मग गॅरेजवाल्यांना सापडणार कसं! साठ क्रेट म्हणजे बाराशे किलोच्या आसपास. एवढं वजन पडलं की पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट होतात, चासी खाली बसते. रिकाम्या गाडीत वायर आणि लोखंड यांत चार बोटं अंतर असतं, भरल्यावर ते राहत नाही. हौदा, म्हणजे मागची माल भरायची पेटी, कधी बदललाय का? बदलला असेल तर वायर परत कुठून नेलीय, हे बघायचंच आहे.

ओतूरकर
दोन वर्षांपूर्वी हौद्याचा पत्रा सडला म्हणून नवीन बांधला. त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

मीटरवाला
आता फ्यूज वाया घालवू नका. हेडलाइटचा जुना बल्ब घ्या, एक तार गेलेला असला तरी चालेल, दुसरी चालू हवी. त्याला दोन वायरी जोडून फ्यूजच्या जागी लावा. पार्किंगचे बल्ब सगळे काढून ठेवा. स्विच चालू केला की डॅशबोर्डच्या बारीक दिव्यांमुळे बल्ब अगदी मंद लागेल किंवा लागणारच नाही. जिथे शॉर्ट होईल तिथे झगझगीत पेटेल. 55 वॅटचा बल्ब पाच अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, म्हणून वायर लगेच जळत नाही आणि शोधायला सवड मिळते. तरी पेटला की फार वेळ ठेवू नका. बल्ब तापतो, सीटवर टाकू नका, काचेजवळ लोंबता ठेवा.

निवृत्त_वायरमन
हे अगदी बरोबर. आणि गाडी भरून करा. जॅक लावून मागून उचललीत तर पाटे मोकळे होतील आणि शॉर्ट निघून जाईल. सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, इंजिन बंद. एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने लांब काठीने वायर हलवायची. आधी ती जळकी वायर बघा, मगच हे.

बॅटरीवाला_सांगली
तरी व्होल्टेज एकदा मोजाच.

ओतूरकर
सापडलं! सगळ्यांचे मनापासून आभार.
काल सकाळी डॅशबोर्डामागची वीतभर वायर बदलली, इन्शुलेशन बोटाला चिकटत होतं. फ्यूजसाठी नवीन होल्डर बसवला, 10 चाच फ्यूज. दुपारी क्रेट भरले आणि बल्ब लावला. मुलाला केबिनमध्ये बसवलं. बल्ब पेटेना. मला वाटलं हेही फुकट. मग दोन भाऊ हौद्यात चढून उड्या मारायला लागले तसा मुलगा आतून ओरडला, "पप्पा, लागला, गेला, परत लागला!"

काठी फिरवत डाव्या मागच्या चाकापाशी आलो. हौदा बांधणाऱ्याने नंबरप्लेटच्या दिव्याची वायर चासीच्या आतून न नेता खालच्या बाजूने नेली होती. एक्सलवर जो रबरी गट्टू आपटतो त्याच्या पट्टीला लागून. गाडी बसली की वायर पट्टी आणि चासीमध्ये चिमटत होती. हरभऱ्याएवढी जागा उघडी पडलेली, आतलं तांबं हिरवं झालेलं आणि पट्टीवर तेवढाच काळा डाग. वरून चिखल बसलेला, धुतल्याशिवाय दिसलंच नसतं.

आता प्रश्न एवढाच की जोड तिथेच मारू की अख्खी वायर बदलू? शनिवारी पासिंग आहे.

निवृत्त_वायरमन
तिथे जोड नको, पाणी-चिखल उडणारी जागा आहे. मागच्या कपलरपासून (वायरी जोडायच्या प्लगपासून) नंबरप्लेटपर्यंत नवीन सलग वायर ओढा, प्लॅस्टिकच्या नळीतून, चासीच्या आतल्या अंगाने. ब्रेकच्या पाइपाला बांधू नका. पाट्यांपासून लांब क्लिपा मारा. आणि परत गाडी भरून, पोरांना उड्या मारायला लावून बल्ब बघा.

सुसाट_टेम्पो
काका, माझी पण नंबरप्लेटची वायर खालूनच गेलीय, आत्ता टॉर्च घेऊन बघितली. 20 चा काढला. 10 चा टाकल्यावर स्विच लावला की लगेच उडतोय. गाडी रिकामी आहे. कुठून सुरू करू?