इटलीतला नाताळ: तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत काय होतं? (अनुभव धागा)

मंडळी, मिलानला येऊन मला यंदा अकरा वर्षं होतील. इथल्या नाताळाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक सांताक्लॉज आणि केकपाशी थांबतं. इथे मात्र आपल्या श्रावणासारखा अख्खा महिना सणाचा असतो. ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाला, झाड सजतं आणि ६ जानेवारी झाली की उतरतं. मधल्या दिवसांत काय शिजतं आणि मुलांना खेळणी कोण आणतं, हे गावागणिक बदलतं. म्हणून हा धागा. ज्या घरात बसून तुम्ही जेवलात, तिथलं लिहा.

सुरुवात मी करते, आमच्या मिलानच्या पानेत्तोनेपासून. उंच फुगलेला गोड पाव, आत बेदाणे आणि साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली. २००५ च्या सरकारी आदेशाने त्याचं प्रमाणही ठरवून दिलंय: लोणी किमान १६ टक्के, बेदाणे आणि साली मिळून किमान २० टक्के. गल्लीतला बेकरीवाला भट्टीतून काढल्या काढल्या त्याच्या बुडाशी सळया खुपसून तो उलटा टांगतो, नाहीतर गरम असतानाच खाली बसतो. आमच्या समोरच्या आजी नाताळाच्या पानेत्तोनेतला एक तुकडा रुमालात बांधून ठेवतात. तो खायचा ३ फेब्रुवारीला, सान ब्याजो या संताच्या दिवशी, अनशापोटी. वर्षभर घसा धरत नाही म्हणतात. माझा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्या वाटचा तुकडा त्या आठवणीने आणून देतात. कडक झालेला असतो, मी दुधात भिजवून भरवते.

बेर्गामोहून

ताई, आमच्याकडे खेळणी सांताक्लॉज आणत नाही, सांता लुचिया आणते. १२ डिसेंबरच्या रात्री, गाढवावर बसून. आधीच्या दिवसांत मुलं तिला चिठ्ठी लिहितात आणि शहरातल्या तिच्या चर्चमध्ये नेऊन ठेवतात. रात्री टेबलावर तिच्यासाठी दूध-बिस्किटं, गाढवासाठी गवत. ती डोळ्यांची संत आहे आणि तिला चोरून पाहिलं तर ती डोळ्यांत राख फेकते, असं मुलांना सांगितलेलं असतं. त्यामुळे गल्लीत कुणी घंटा वाजवली की घराघरांतली मुलं पांघरुणात डोळे घट्ट मिटून घेतात. गवत आणायचं कुठून हा पहिल्या वर्षी मला प्रश्नच पडला. आमच्या गावाबाहेरच्या गाईंच्या गोठ्यात पंजाबी भाऊ काम करतात, त्यांनी पिशवीभर दिलं. आता दर वर्षी विचारायच्या आधीच ठेवलेलं असतं.

नापोलीहून, सासर इथलंच

लहानपणी दिवाळीत पुण्याच्या वाड्यात आम्ही किल्ला करायचो. माती कालवायची, मोहरी पेरायची, मग मावळे मांडायचे. लग्नानंतर पहिल्या डिसेंबरात सासरे बुचाची साल, खळ आणि शेवाळ घेऊन बसले तेव्हा मी न विचारता शेजारी जाऊन बसले. हे प्रेसेपे, म्हणजे येशूजन्माचा देखावा. पण नुसता गोठा नव्हे. डोंगर, विहीर, कोळी, कसाई, भट्टीपाशी पिझ्झावाला, सगळं नापोली त्यात येतं. सगळ्यात वर एक धनगराचा पोर झोपलेला असतो, बेनीनो. हा अवघा देखावा म्हणजे त्याचं स्वप्न, त्याला उठवलं तर सगळं नाहीसं होईल, असं सासऱ्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत कारागिरांची दुकानं वर्षभर उघडी असतात. तिथून आम्ही दर वर्षी एकच मूर्ती आणतो. यंदा टोपलीत लिंबं घेतलेली बाई आणली, बोटभर उंचीची. तिच्या टोपलीतलं एकेक लिंबू वेगळं दिसतं.

गव्हाण मात्र रिकामी असते. २४ च्या मध्यरात्री घरातलं सगळ्यात धाकटं मूल बाळ येशूला तळहातांवर घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरतं, मागे आम्ही सगळे, आणि मग त्याला गव्हाणीत ठेवतात. मागच्या वर्षी माझ्या लेकीचा मान होता.

त्या रात्री मांस वर्ज्य, म्हणून सगळा स्वयंपाक माशांचा. खारवलेला कॉड दोन-तीन दिवस पाण्यात, पाणी बदलत राहायचं, मग पिठात घोळवून तळायचा. शिवाय तळलेला वाम, आणि फ्लॉवर-ऑलिव्ह-मिरच्यांची आंबट कोशिंबीर. ती थोडी संपली की त्यातच भर घालत नवीन वर्षापर्यंत चालवतात. गोडात स्त्रुफोली: तळलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या मधात घोळवून रचलेल्या. बुंदी वळताना हात चिकट होतात तसेच होतात.

जेवणानंतर तोम्बोला. आपला तंबोला तो हाच, नावही इथूनच गेलं. तिकिटावर तेच १५ आकडे, तेच ९० पर्यंत. पण इथे आकडा पुकारत नाहीत, त्याचा अर्थ पुकारतात. २२ म्हणजे वेडा, २५ नाताळ, ३३ ख्रिस्ताची वर्षं, ९० भीती. आकड्यांवर ठेवायला संत्र्याच्या सालीचे तुकडे. दुसऱ्या दिवशीही बोटांना तो वास असतो.

पालेर्मोहून

विद्यार्थी आहे, थोडक्यात लिहितो. १३ डिसेंबरला, म्हणजे सांता लुचियालाच, इथे पाव आणि पास्ता खात नाहीत. १६४६ च्या दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी पीठ करायचीही वाट न पाहता गहू शिजवून खाल्ले, अशी कथा आहे. म्हणून अख्खे गहू शिजवून, रिकोटा चीज आणि साखर घालून कुच्चिया करतात. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला सांगलीच्या घरची खपली गव्हाची खीर आठवली. आईला त्याच रात्री फोन केला.

रोमहून, मूळ गाव वसई

मी इथे धर्मशास्त्र शिकतो. गोठ्याच्या देखाव्याची परंपरा ज्या गावातून पसरली ते ग्रेच्चो रोमपासून फार लांब नाही. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथल्या एका गुहेत गवत, बैल आणि गाढव आणवलं आणि शेतकऱ्यांच्या समोर मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, झाली. बाळ येशूची मूर्ती नव्हती. त्याला ८०० वर्षं झाली तेव्हा आम्ही काही जण बसने गेलो होतो. त्या खडकाला हात लावून उभा होतो आणि डोळ्यांसमोर वसईचा किल्ला आला. तिथल्या फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे याच संताच्या संघाच्या, चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये आम्ही लहानपणी खेळलो. घरी डिसेंबरात भाताचा पेंढा आणून गोठा करायचा आणि त्यावर तारा टांगायचा, हे माझं आणि भावाचं काम. ते काम इथून निघालं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी रोमची मुलं आपापल्या घरचा बाळ येशू खिशात घालून व्हॅटिकनच्या संत पेत्रुस (सेंट पीटर) चौकात आशीर्वादासाठी येतात. एकदा आवर्जून पाहा.

बोलोन्याहून

मी शाकाहारी, आणि इथल्या नाताळाचा मान तोर्तेल्लीनीचा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्याचा: डुकराच्या मांसाचं सारण, कोंबडीचं सूप. पारीवरचं सारण झाकून ती बोटाभोवती गुंडाळायची आणि टोकं चिमटायची. माझ्या मैत्रिणीची आजी ते न बघता करते, जशी माझी आजी करंजीला मुरड घालायची. मी खात नाही हे कळल्यावर ती म्हणाली, मग तू २४ ला ये, उपासाच्या दिवशी आम्हीही रिकोटाचे मोठे तोर्तेल्लोनीच खातो. 'नाताळ आपल्या माणसांबरोबर, ईस्टर हवा त्याच्याबरोबर' अशी इथे म्हण आहे. त्या टेबलावर माझ्यासाठी खुर्ची होती, हे मी अजून विसरले नाही.

मार्केहून

सगळ्यांनी लिहिलं, पण बेफाना राहिली. ५ जानेवारीच्या रात्री झाडूवर बसून येणारी म्हातारी. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांनी तिला बरोबर चल म्हटलं, ती गेली नाही, मग हळहळली आणि तेव्हापासून घरोघर त्याला शोधत मुलांच्या मोज्यांत खाऊ ठेवत फिरते. खोड्याळ मुलाला कोळसा, तो आता काळ्या साखरेचा असतो. ६ जानेवारीची सुट्टी १९७७ साली काढून टाकली होती, १९८५ च्या अखेरीस परत दिली. ते सांगताना आमच्या शेजारच्या काकूंच्या आवाजात अजून राग असतो.

मागच्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आली होती. काकूंनी तिच्यासाठीही मोजा टांगला. सकाळी त्यात दोन संत्री, अक्रोड आणि साखरेचा कोळसा निघाला. आई संक्रांतीसाठी तीळगूळ घेऊनच आली होती. तिने त्यातले मूठभर लाडू त्याच मोज्यात घातले आणि तो परत काकूंच्या दाराला अडकवून आली.