प्रतिसाद: अनुदान आणि मुलांवरची देखरेख

वर कुणीतरी म्हटलंय की सरकारी अनुदान घेणाऱ्या मानसिक आरोग्य किंवा व्यसनमुक्ती केंद्राचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, मग आणखी देखरेख कशाला? मला हे अजिबात पटत नाही. उपयोगिता प्रमाणपत्रातून, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं याच्या दाखल्यातून, पैसे कुठे गेले ते कळतं. आत ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं काय चाललंय, ते कळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ८७ पालकांनी जरूर वाचावं. अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल केलं की ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (अशा दाखल्यांचा आढावा घेणारं, या कायद्याखालचं मंडळ) कळवावं लागतं. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर तेही कळवायचं, मग मंडळाने सात दिवसांत आढावा घ्यायचा, आणि पुढे दर ३० दिवसांनी पुन्हा. मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती असते, आणि रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यातून दोन सदस्य असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण आढावा नुसत्या फाइलवर होऊ नये. मुलाशी एकट्यात बोलायला हवं, कर्मचारी बाजूला उभे नकोत.

आपल्या पुण्यात येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. अशा सरकारी संस्थेकडे माहिती अधिकारात एवढंच विचारा: गेल्या वर्षी अठराखालची किती मुलं दाखल झाली, किती जण ३० दिवसांपेक्षा जास्त राहिले, आणि त्यातल्या किती जणांचा आढावा झाला? नावं नकोत, फक्त आकडे. अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल हेच प्रश्न अनुदान देणाऱ्या विभागाला विचारता येतील.