दर्यापूरकडच्या रस्त्यांवर जुनी युरोपियन स्पोर्ट्स कार: अबार्थ पुंटो, लॉरा व्हीआरएस, पोलो जीटी, टीटी की झेड४?

पूर्णाकाठ
राम राम मंडळी. मुक्काम दर्यापूर तालुका. घरच्या कामाला बोलेरो आहे, ही दुसरी गाडी फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. बजेट सगळं मिळून १५ लाख. पेट्रोल टर्बो, जमलं तर मॅन्युअल. वर्षाकाठी ८-९ हजार किमी होतील, बहुतेक अमरावती-अकोला महामार्गावर, आणि महिन्यातून एक नागपूर फेरी. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे ३ किमी मात्र काळ्या मातीतले.

नजरेत असलेल्या गाड्या: अबार्थ पुंटो (२०१६), स्कोडा लॉरा व्हीआरएस (२०१२), पोलो जीटी टीएसआय (२०१५), ऑडी टीटी (२००९), बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय (२०१०). मन झेड४ कडे ओढ घेतंय. कोणती घ्यावी, आणि पाहताना नेमकं काय तपासावं?

पाना१३
झेड४ देखणी आहे, त्यात वाद नाही. पण गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. १५ लाख गाडीतच गेले तर पहिल्याच मोठ्या कामाला गाडी शेडमध्ये उभी राहील. म्हणून झेड४ आणि टीटी यादीतून काढा असंच सांगेन. कारणं देतो.

झेड४ ३५आयमध्ये एन५४ हे सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन आहे. त्याचा हाय प्रेशर फ्युएल पंप जातो. पहिली खूण म्हणजे गाडी लांब क्रँक घेऊन सुरू होते. इंजेक्टर आणि वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) खडखड हे नेहमीचे खर्च. वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे. तो हळूहळू गळत नाही, एकदम बंद पडतो. मे महिन्यात ४५ अंशात, मूर्तिजापूरच्या आसपास हे झालं तर तापमानाचा इशारा दिसताच इंजिन बंद करणं एवढंच हातात असतं. दहा मिनिटं रेटली तर हेड वाकलं समजा. त्यावर घडीच्या छताचं हायड्रॉलिक्स. आणि रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर धावणारे) टायर असल्याने स्टेपनी नाही.

२००९ च्या टीटीत २०० पीएसचं २.० टीएफएसआय इंजिन. यात फ्युएल पंप आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मध्ये वाटीसारखा एक छोटा कॅम फॉलोअर असतो. भाग स्वस्त आहे, पण तो झिजून भोक पडलं की पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही खराब होतात. पंपाचे तीन बोल्ट काढून तो पाहता येतो. विकणारा पाहू देत नसेल तर परत फिरा.

पोलो जीटी टीएसआय: १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ एनएम. इंजिन गोड आहे, प्रश्न ७ स्पीड डीक्यू२०० गिअरबॉक्सचा. ड्राय क्लच असल्याने गर्दीत रांगताना तापतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येते. त्याहून मोठं दुखणं मेकॅट्रॉनिकचं (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल भागाचं): आत तेलाचा दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरजवळ त्याच्या घराला (कवचाला) तडा जातो, दाब टिकत नाही, स्कॅनरवर पी१७बीएफ कोड येतो आणि गाडी जागेवरून हलत नाही. तुम्हाला मॅन्युअल हवी असताना या वाटेला जाऊच नका.

उरल्या दोन. दोन्ही मॅन्युअल, दोन्ही घेण्यासारख्या.

अबार्थ पुंटो: १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ एनएम, ५ स्पीड, चारही चाकांना डिस्क, १९५/५५ आर१६ टायर. इंजिन साधं आहे, इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता इनटेकमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याची भानगड नाही. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅमशाफ्ट जुळवून फिरवणारा पट्टा) आहे. किमी कितीही कमी असोत, ५ वर्षं झाली असतील तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो: थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि गरम झाल्यावर धातू फुगून ती कमी होते. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलंय, तेव्हा बंपर, हेडलाइट, अबार्थचेच खास भाग शाबूत आहेत ना ते आधी पाहा. इंजिनाचे नेहमीचे भाग मिळतात, बॉडीचे भाग शोधावे लागतात.

लॉरा व्हीआरएस: १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० एनएम, ६ स्पीड मॅन्युअल. महामार्गावर अबार्थपेक्षा खूप शांत आणि स्थिर, डिकी प्रचंड. पण हिच्या टायमिंग चेनचा टेन्शनर नीट समजून घ्या. तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा चेन ताणून धरते ती फक्त त्याच्या आतली छोटी दातेरी पट्टी. जुन्या टेन्शनरमध्ये ती सुटते, चेन ढिली पडते, आणि सुरू करताना दात ओलांडते. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन उघडावं लागतं. म्हणूनच ही गाडी उतारावर नुसती गिअरमध्ये उभी करू नये. भार इंजिनावर येऊन ते उलटं फिरायला पाहतं आणि चेनची ताणलेली बाजू नेमकी टेन्शनरकडे येऊन त्याला आत दाबते. आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी टेकू द्यायची, मग गिअर.

माझा कौल: पहिली अबार्थ. लॉरा फक्त तेव्हाच, जेव्हा टेन्शनर बदलल्याचं बिल हातात मिळेल, किंवा तो खर्च किमतीतून वजा होईल.

पूर्णाकाठ
मनापासून आभार. नागपूरला एक लॉरा आहे, ८२ हजार किमी, दोन मालक. अबार्थ पुण्याला आहे. आधी लॉरा पाहतो. पाहायला जाताना क्रम काय ठेवू?

पाना१३
सकाळी जा. आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असं फोनवरच सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिनाची परीक्षा होणार नाही, तेव्हा वेळ घालवू नका.

बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही चेनच्या बाजूला कान द्या. २-३ सेकंद कडकड झाली तर टेन्शनर किंवा चेन. मग स्कॅनर लावा. मेझरिंग ब्लॉक (स्कॅनरवरचा आकड्यांचा गट) ९३ मध्ये कॅमशाफ्टचा फेज, म्हणजे क्रँकच्या तुलनेत तो किती सरकलाय ते, दिसतो. तो शून्याच्या जवळ असावा. जितका दूर तितकी चेन ताणलेली. टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूला रबरी प्लग आहे, तो काढून टेन्शनर जुना की सुधारित ते पाहता येतं. त्याच स्कॅनरने सगळ्या मोड्यूलमधले कोड वाचा. कोडसोबत तेव्हाचं किमी नोंदलेलं असतं. मीटरवर ८२ हजार आणि जुना कोड १ लाख १० हजारावरचा निघाला तर मीटर फिरवलेलं आहे.

इंजिन आयडलला असताना शिट्टी येत असेल तर डिपस्टिक अर्धी उपसा. शिट्टी थांबली म्हणजे पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या झडपेचा) पडदा फाटलाय. हे काम छोटं आहे, पण दुर्लक्ष केलं तर मागचं क्रँक सील जातं. ऑइल खाण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. या पिढीच्या १.८ टीएसआयला पिस्टन रिंगमुळे ऑइल जळण्याची खोड आहे आणि कंपनी हजार किमीला अर्धा लिटरपर्यंत मर्यादेत धरते. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा: कोरडी काजळी चालेल, तेलकट चिकट काळं नको. डिपस्टिकवर ऑइल कमी असेल तर विकणाऱ्याला मधे किती टाकलं ते विचारा. रिंग बदलायच्या म्हणजे इंजिन खाली.

चालवताना: चौथा गिअर, ५० चा वेग, पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. इंजिन बंद करताना खडखड, तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं धक्के शोषणारं दुहेरी चाक), आणि ते क्लचसोबत बदलायचं म्हणजे मोठं बिल. तिसऱ्यात २००० आरपीएमपासून ओढा. ओढ सलग हवी, मधेच पडली तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोची जादा हवा वळवणारी झडप) किंवा होजची गळती.

परत आल्यावर ५ मिनिटं आयडलला ठेवा आणि वॉटर पंप-थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक घराखाली टॉर्च मारा. गुलाबी सुकलेले डाग म्हणजे कूलंट गळतंय.

पेंट मीटर मिळाला तर पत्र्यावर १००-१५० मायक्रॉन ठीक. ३०० च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे.

वावरवाट
भाऊ, पाना१३ नं इंजिनाचं सांगितलं ते एकदम बरोबर. मी रस्त्याचं सांगतो, कारण आपल्याकडे गाडी रस्त्यानंच खराब होते.

पहिले टेप घेऊन जाजा. मागं दोन माणसं बसवून, टाकी भरून, मंग इंजिनाखालच्या प्लास्टिकपासून जमिनीपर्यंत मोजजा. अबार्थचं क्लिअरन्स कागदावर १५५ मिमी हाये, भरलेल्या गाडीचं त्याहून कमी. तुमच्या ३ किमीत जो सगळ्यात उंच गतिरोधक अन् जी सगळ्यात खोल चाकोरी हाये तेबी मोजून ठेवजा. चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीले खालून घासते, खड्डा नाही. त्या रस्त्यावर दोन ट्रॉली मुरूम टाकून मधला भाग सपाट केला तर अर्धा प्रश्न तिथंच मिटते.

काळी माती पाणी प्याली का फुगते, उन्हात आकसते. म्हणून आपल्या डांबरी रस्त्याले लाटा पडतात. त्यावर ४० प्रोफाइलचा (कमी उंच बाजूचा) टायर लवकर फुगा धरते. पावसाळ्यात दुसरी गोष्ट होते: चिखल रिमच्या आतल्या अंगाले चिकटते अन् वाळते. ८०-९० च्या पुढं स्टेअरिंग थरथरते, लोक अलाइनमेंट करून येतात, फरक काहीच पडत नाही. जॅक लावून चाक काढा, आतून पाण्यानं धुवा, थरथर जाते.

टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचजा. २४१९ म्हणजे २०१९ चा २४ वा आठवडा. खाच कितीबी खोल असो, ६ वर्षांच्या वरचा टायर उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर १२० नं पळवू नका. हवा सकाळी, टायर थंड असतानाच पाहजा.

सोयाबीन मळणीच्या दिवसात कुटार उडते अन् एसी कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसते. समोरून पाहिलं तर रेडिएटर साफ दिसते. मधात टॉर्च मारून पाहजा. धुताना इंजिनाकडून बाहेरच्या बाजूले, साध्या पाइपनं धुवा. प्रेशर वॉशरनं पात्या वाकतात. एअर फिल्टर त्या दोन महिन्यांत दोनदा झटकजा.

अन् सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा पट्टा खारपाण, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये एक लोटाबी टाकू नका. क्षार प्लास्टिकच्या घरात अन् थर्मोस्टॅटवर जमतात. डिकीत दोन लिटर तयार कूलंट ठेवजा, लॉरासाठी जी१२ किंवा जी१३, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. साध्या दुकानातलं हिरवं त्यात मिसळलं तर गाळ होऊन हीटरची नळी बुजते.

शेड कुटाराच्या ढिगाजवळ नको. उंदीर वायरिंग कुरतडते, अन् युरोपियन गाडीची हार्नेस जोडत बसणं लय वेळखाऊ काम हाये.

आरसीबुक
कागदांचं कोणी बोललं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २००९ च्या टीटीची २०२४ मध्ये आणि २०१० च्या झेड४ ची २०२५ मध्ये संपते. नूतनीकरण झालंय का, हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर नाही, वाहन पोर्टलवर तपासा. २०१२ च्या लॉराची मुदत २०२७ मध्ये. तेव्हा फॉर्म २५, आरटीओत तपासणी आणि पर्यावरण कर लागेल. हा खर्च आजच्या सौद्यात बोला. नंतर दर ५ वर्षांनी हेच.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ चं ना हरकत, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. आरसीवरचा चासी नंबर पत्र्यावर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा, फोटोवर भागवू नका.

विम्यात लोक फसतात. थर्ड पार्टी संरक्षण गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलीचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला लागू होत नाही. मागच्या ३ वर्षांचे क्लेम विचारा. त्यात पुराचा क्लेम असेल तर सौदा सोडा. संशय आला तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. मळाची आडवी रेघ तिथे धुतली जात नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डाही पाहा.

पूर्णाकाठ
दिल्लीची एक लॉरा बऱ्याच कमी भावात दिसतेय, पेट्रोल, २०१२ चीच. तिकडची आणली तर?

आरसीबुक
तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा नियम आहे (२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला काही अंशी स्थगिती दिलीय), म्हणून मुदत जवळ आली की भाव पडतो. गाडी वाईटच असेल असं नाही. पण ना हरकत, महाराष्ट्राचा कर, वाहतूक आणि २०२७ चं नूतनीकरण जोडा, मग नागपूरच्या गाडीशी तुलना करा. शिवाय थंड इंजिनाची सकाळची परीक्षा तुम्हाला तिथे जाऊनच घ्यावी लागेल.

पाना१३
आणखी एक, पेट्रोलबद्दल. आता पंपावर बहुतेक ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) च मिळतं आणि या दोन्ही गाड्या त्याआधीच्या. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी तळाला बसतं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, ज्या पंपावर दिवसभर गर्दी असते तिथेच भरा, आणि घेतल्या घेतल्या इंधनाच्या रबरी नळ्या हाताने वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर पहिल्या सर्व्हिसलाच बदला. त्याच सर्व्हिसला लॉरात फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचं ऑइल, आणि पुढचं १५ हजारांवर न थांबता ७-८ हजार किमीवर. टेन्शनर ऑइलच्या दाबावर जगतो, म्हणून.